चित्त्याची रिकामी जागा

चित्ते विमानात बसून आपल्या देशात आले त्या दिवशी गावाकडून माझ्या थोरल्या भावाचा, भानुदासदादाचा, फोन आला. खुशाली नाही, पाऊसपाणी नाही. "मंगे, टीव्ही लाव. तुझा चित्ता आला," एवढंच बोलला आणि जो हसत सुटला तो वहिनीने हातातला फोन काढून घेईपर्यंत. मग वहिनी हसायला लागली. ती बिचारी आमच्या घरात आली तीच मुळी सगळं होऊन गेल्यावर, पण आमच्याकडे नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी सांगतात: पाणी कुठून आणायचं आणि मंगलने काय केलं. मी टीव्ही लावला. पिंजऱ्याचं दार वर गेलं, लांब टांगांचं, बारीक कमरेचं जनावर बाहेर आलं आणि नवख्या पाहुण्यासारखं इकडेतिकडे बघायला लागलं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, चाळीस वर्षं आधी का नाही आलास? माझी एवढी शोभा झाली नसती. आता निवृत्ती तोंडावर आली, आयुष्यभर शाळेत पोरांना विज्ञान शिकवलं, तरी गावाच्या लेखी मी अजून तीच. तेव्हा एकदा माझ्याच तोंडाने सगळं सांगून टाकते.

आमचं गाव नगरकडच्या कर्जत तालुक्यात, माळाच्या कडेला. माळ म्हणजे कुसळीचं गवत, अधूनमधून हिवर नाहीतर बोर, आणि काळविटं. तिकडे कोपरगावच्या अंगाला लोक ऊस लावतात आणि कारखान्याच्या गप्पा मारतात; आमच्याकडे सगळी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. ही ज्वारी उगवून दोन पानांवर आली की काळविटांना कसं कळायचं देव जाणे, पण दुसऱ्या सकाळी अख्खा कळप रानात हजर. त्यामुळे थंडीच्या दिवसांत आमच्या घराला जाग यायची ती पत्र्याच्या आवाजाने. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून काठीने बडवत बांधावरून पळत असायचे आणि मागून त्यांचं "हाऽऽट, हाऽऽट तुझ्या मायला" ऐकू यायचं. काळवीट मान वर करून बघायचं, तोंडातला घास नीट चावायचं, मग कुणावर तरी उपकार केल्यासारखं चार उड्या मारून पलीकडच्या तुकड्यात जायचं. काळविटाच्या अंगाला हात लावायची कायद्याने बंदी, आणि ही गोष्ट कुणीतरी काळविटांना सांगितली असावी असा आप्पांचा पक्का संशय होता. आई न्याहारीला भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा घेऊन रानात जायची, तोवर आप्पांचा घसा बसलेला असायचा. मग ते नुसत्या खुणांनी शिव्या द्यायचे.

आमच्या बांधाला बांध लागून चंद्राकाकीचं रान. काकी म्हणजे आप्पांच्या थोरल्या चुलत भावाची बायको. तो भाऊ लवकर गेला, पदरी मूलबाळ नाही, तरी बाईने रान पडीक पडू दिलं नाही. आणि काकीची मूठ सगळ्या पंचक्रोशीत ठाऊक. पेरणीला पाभर चालते तेव्हा पाभरीवरच्या लाकडी चाड्यात बी सोडायला एक बाई मागून चालते. बी मुठीतून सारखं पडलं पाहिजे, दाट नाही की विरळ नाही. आईच्या मुठीतून पडलेल्या बियाची ज्वारी एका ठिकाणी जत्रा भरल्यासारखी यायची आणि पुढे हातभर टक्कल. काकीच्या मुठीची ओळ दोरी लावल्यासारखी. म्हणून पेरणीच्या दिवसांत काकीला गावभर बोलावणं असायचं, आणि मानाने. पहिली पेरणी मात्र ती आमची करायची. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी उन्हाळ्यात दादाने नांगरताना तिच्या बांधाला हातभर नांगर घातला आणि मोठं भांडण झालं. काकी बांधावर उभी राहून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली होती, "रांडमुंड म्हनून माझा बांध खाता व्हय? बघा, तुमचं औत ह्या रानात चालायचं न्हाई!" हे वाक्य ध्यानात ठेवा. गावानेही ठेवलं होतं.

मी तेव्हा अकरावीला, नगरला वसतिगृहात राहून विज्ञान शाखेत. आमच्या गावातून विज्ञानाला गेलेली पहिली मुलगी, आणि हे मी कुणाला विसरू द्यायची नाही. आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी एकदा फळ्यावर अन्नसाखळी काढली: खाली गवत, वर काळवीट, त्याच्यावर चित्ता. म्हणाले, चित्ता आपल्या देशातून केव्हाच नाहीसा झाला, ती जागा रिकामी आहे. लांडगा पिल्लं उचलतो, पण भरपळीतलं काळवीट धरणारा तो एकच. आणि चित्ता नुसता खात नाही, तो कळपाला एका जागी ठरू देत नाही. धाक असला की कळप हलता राहतो, गवताला उसंत मिळते. धाक गेला की कळप ठाण मांडून चरतो. सगळा वर्ग वहीत आकृती काढत होता आणि मी मात्र बाकावर ताठ बसले होते. आमच्या आप्पांचा घसा का बसतो याचं उत्तर मला मिळालं होतं.

गणपतीच्या सुट्टीत घरी आले ती अन्नसाखळी घेऊनच. आई हुलग्याचे शेंगोळे वळत होती. पातेल्यात लसूण-मिरचीचं पाणी उकळत होतं, त्या वासाने एरवी मला दुसरं काही सुचत नसे, पण त्या दिवशी मी चुलीपुढे बसून कोळशाने फरशीवर गवत, काळवीट आणि चित्ता काढला. चित्ता आमच्या शेळीसारखा आला होता, पण मुद्दा पोचला असावा.

"म्हंजी चित्ता आला की काळविटं जात्याली?" आई म्हणाली.

"जाणार म्हणजे काय, कमी होतील. धाकात राहतील."

"आन आपली शेळी?"

"शेळी पुस्तकात नाहीये, आई."

"पुस्तक चित्त्यानं वाचलंय व्हय?" असं म्हणून आईने माझ्या चित्त्यावर ओलं फडकं फिरवलं. आप्पा मात्र कौतुकाने ऐकत होते. "शिकल्याली पोरगी हाय, काय तरी मार्ग काढंल," असं ते पुढे चार लोकांत बोलून बसले. हीच चूक झाली. बापाने चार लोकांत तारीफ केली की माझ्यासारखीला थांबवणं अवघड.

सुट्टी संपवून नगरला परत गेले तर तिथे सर्कस आलेली. तेव्हा सर्कशीत सिंह-वाघ असायचे. वसतिगृहाच्या मुली तंबूत झोक्यावरच्या पोरी बघून टाळ्या वाजवत होत्या आणि मी नाकाने हवा ओढत होते. तंबूभर एक उग्र, आंबूस, डोक्यात जाणारा वास होता. माझ्या डोक्यात तो गेला तो बाहेरच आला नाही. चित्ता नाही ना? नसू दे. त्याचा वास आणू. काळविटाच्या रक्तात हजारो वर्षांची भीती मुरलेली असणार. बांधावर वाघराचा वास आला की कळप वारा होईल! दुसऱ्या दिवशी तास बुडवून मी सर्कशीच्या मागच्या बाजूला गेले. पिंजरे धुणारा माणूस मिरजेकडचा होता, बनियनवर बसून विडी ओढत होता. मी त्याला विचारलं, चित्ता आहे का? म्हणाला, सिंह आहेत. म्हटलं, चालेल, मला त्यांचं शेण पाहिजे.

त्याने विडी विझवली. "बाई," तो म्हणाला, "हे उचलण्यात माझा जन्म गेला. मागायला आलेली तू पहिली." त्याने युरियाचं रिकामं पोतं फावड्याने निम्मं भरून, तोंड सुतळीने बांधून दिलं, वर विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. मी त्याला अन्नसाखळी समजावून सांगायला लागले तेव्हा तो घाईघाईने बादली घेऊन निघून गेला.

त्याच आठवड्यात आमच्याकडे उत्तरा नक्षत्राचा मोठा पाऊस झाल्याचा निरोप आला. रान सुकत आलं की वाफसा होणार, म्हणजे ना चिखल ना कोरडं, आणि पेरणी लागणार. वाफसा चार दिवस टिकला तर नशीब, मग बी मातीत रुजत नाही. बियाच्या आधी धाक पेरला पाहिजे या विचाराने मी पोट बिघडल्याचं सांगून कर्जतची एस.टी. धरली. कंडक्टर म्हणाला, "पोत्यात काय हाय?" मी म्हणाले, "खत." खोटं एक अक्षर नव्हतं. पुढच्या बाकावर एक म्हातारी पायाशी शेळी घेऊन बसली होती. गाडी सुरू होऊन वारं फिरलं, आणि ती शेळी जी बिथरली! आधी म्हातारीच्या मांडीवर, मग खिडकीत, मग एका मास्तरांच्या छत्रीवर, शेवटी थेट ड्रायव्हरच्या पाठीवर पाय ठेवून ब्यां ब्यां. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली. म्हातारी कपाळाला हात लावून सांगत होती, "गरीब हाय वो माझी शेळी, आजवर कधी आसं केलं न्हाई." सगळी गाडी म्हातारीला बोलत होती आणि मी खिडकीतून निसर्ग बघत होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिली गोष्ट निरीक्षण शिकवतात. माझा प्रयोग माझ्या डोळ्यांपुढे यशस्वी झाला होता, फक्त भलत्याच जनावरावर, आणि मी तेवढंच बघितलं नाही.

फाट्यावर उतरून पोतं रानातल्या कडब्याच्या गंजीत खुपसलं आणि घरी गेले. त्या काळी बाईमाणसाने पहाटे टमरेल घेऊन रानात जाणं ही एकच गोष्ट होती जिच्यात "कुठं चाललीस" असं कुणी विचारत नसे. पहाटे मी टमरेल घेऊन निघाले आणि नाकाला ओढणी बांधून तो ऐवज पाण्यात कालवून चारी बांधांच्या कडेने शिंपडला. काळविटं माळावरून यायची ती काकीच्या बांधाच्या अंगाने, म्हणून त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त, चांगला टोपलीएवढा ढीग. घरी येऊन तीनदा हातपाय धुतले. आई म्हणाली, "पोट अजून ठीक न्हाई वाटतं."

उजाडल्यावर मी गंजीआड लपून बसले. काळविटं आली. पुढे काळाकुळकुळीत नर, पिळदार शिंगं मागे टाकून. तो माझ्या ढिगापाशी थांबला, मान खाली घालून वास घेतला. तो वळला, ढिगाकडे पाठ केली, शेपटी उचलली आणि अगदी सावकाश, मोजून मापून, सिंहाच्या शेणावर आपल्या लेंड्या टाकल्या. नर काळवीट आपली हद्द दाखवायला असंच एका ठरल्या जागी लेंड्या टाकतं, हे मी पुढे वाचलं. तेव्हा मला एवढंच कळलं की मला उत्तर मिळालंय. दुसऱ्या पहाटे त्याच जागी लेंड्यांचा थर वाढलेला. नगरहून एवढ्या लांबून मी त्याच्यासाठी संडास आणला होता. हिरमुसून पोतं झटकून गंजीत ठेवलं आणि प्रकरण संपलं असं समजले.

तिसऱ्या दिवशी वाफसा आला. आप्पांनी पाभरीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, हौश्या आणि पाखऱ्या जुंपले. दोघेही बैल इतके गुणी की आप्पा झोपेत असले तरी ते तास, म्हणजे औताची ओळ, सोडायचे नाहीत. भांडणामुळे चाड्यावर त्या वर्षी आई. बैल रानाच्या तोंडाशी आले आणि थांबले. हौश्याने नाकपुड्या फुलवल्या, पाखऱ्याच्या पाठीवर थरथर आली. आप्पांनी चुचकारलं, शेपटी पिरगाळली, कधी नाही तो आसूड उगारला. बैल मागे मागे सरकत पाभरीत पाय अडकून आडवे झाले. काकीच्या बांधाकडच्या अंगाला नेलं तर पाखऱ्या दोर तोडून गावाकडे पळाला. दुपारी नामदेवमामांची खोंडं आणली. नामदेवमामा म्हणजे पलीकडच्या वस्तीवरचे, आप्पांचे जिवलग. त्यांचीही खोंडं बांधावर चार पाय रोवून उभी. लोक जमले. आमच्या बैलांच्या सात पिढ्यांत कुणी सिंह पाहिला नव्हता, तरी त्यांना बरोबर कळलं. आणि ज्याच्या घराण्यामागे चित्ता पळत होता त्या काळविटाला काही नाही. हे मला त्या क्षणी समजलं.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी बोललं, "चंद्रानं म्हनलंच हुतं की, औत चालायचं न्हाई म्हनून."

एवढंच वाक्य. पण मी बघत होते, ते एकेकाच्या चेहऱ्यावर उतरत गेलं. आप्पांनी काकीच्या बांधाकडे बघितलं. काकी तिच्या रानात तुरी खुरपत होती, ती उठून उभी राहिली. मला तोंड उघडायचं होतं. पण आधी माझंच भाषण आठवलं. त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला मी गावी येऊन शाळेपुढे अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं होतं, करणी-भानामती सगळं झूट म्हणून. पुढच्या रांगेत बसून काकीने टाळ्या वाजवल्या होत्या आणि नंतर माझ्या ओंजळीत शेंगा ओतून म्हणाली होती, "आशीच बोलत ऱ्हा." आणि आता मी बोलले तर? गाव हसेल, आप्पांची मान खाली जाईल, कॉलेज बंद, दिवाळीनंतर कुठल्यातरी पाहुण्याच्या गळ्यात बांधतील. मी गप्प बसले. तो दिवस गप्प, दुसराही दिवस गप्प.

दुसऱ्या दिवशी हापशावर मी घागर घेऊन रांगेत होते. काकी आली. पुढच्या बाईने आपली अर्धी भरलेली घागर उचलली आणि गेली, मग दुसरीने. काकीने मुकाट पाणी भरलं. जाता जाता नामदेवमामींनी तिला गाठून सांगितलं, "उद्या पेरायला येऊ नगंस, आमी दुसरीला सांगितलंय." संध्याकाळपर्यंत आणखी दोघांचे तसेच निरोप गेले. जिच्या मुठीशिवाय गावात पाभर हलत नव्हती, तिची मूठ आता कुणाच्या बियाला नको होती. त्या रात्री आईने शेंगोळे केले होते; ताटात तसेच राहिले. दादा म्हणाला, बांध मी खाल्ला, म्हणून हे. आप्पा म्हणाले, सकाळी तिला खंडोबाच्या देवळात नेऊ, बेलभंडारा उचलू दे, खरं-खोटं होईल. बेलभंडारा उचलायचा म्हणजे देवापुढे शपथ घ्यायची. आणि शपथ घेतल्यावरही बैल हलले नाहीत, तर त्या बाईला त्या गावात पुन्हा कोण दारात उभं करणार? मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. स्वतःची एवढी किळस मला आधी कधी आली नव्हती, नंतरही नाही.

सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर निम्मा गाव. गुरवाने तबकात बेल आणि भंडारा ठेवलेला. काकी पाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन आली. "भावजी," ती आप्पांना म्हणाली, "रागात बोल्ले मी. तोंडाचं पाप माझं हाय. पर हातानं काय केलं न्हाई. आन ते बी तुमी मला इचारायच्या आदी देवाला इचारताय?" आप्पांना वर बघवेना. काकीने तबकाकडे हात नेला. गावभराचं बी ज्याने पेरलं तोच हात.

"आप्पा, ते सिंहाचं शेण आहे!" मी ओरडले.

आप्पा म्हणाले, "काय?"

"सिंहाचं शेण. सर्कशीतलं. मी नगरहून आणलं आणि बांधाला टाकलं. काळविटं जावीत म्हणून. चित्ता नव्हता ना, म्हणून सिंहाचं. अन्नसाखळी, आप्पा."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग आईने हंबरडा फोडला, "आगं बया, पोरीला बी झालं गं!" गुरवाने चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला फासला. नामदेवमामींनी मला मागून धरलं. मी जितक्या जोराने "सिंह, सिंह" म्हणत होते तितकी माझ्यावरची पकड घट्ट होत होती. अंधश्रद्धेवर भाषण देणारी मी, आणि आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध खरं बोलले तर अंगात आलंय असं ठरलं. फक्त दादा माझ्याकडे टक लावून बघत होता. लहानपणापासून माझे उद्योग निस्तरलेला माणूस तो. त्याने विचारलं, "पोतं कुठाय?" मी म्हणाले, "गंजीत." तो सायकलवर टांग मारून गेला.

पोतं आलं. देवळापुढच्या लिंबाखाली नामदेवमामांची खोंडं खुंट्याला बांधलेली. दादाने पोत्याची सुतळी सोडली आणि लांबूनच खोंडांपुढे धरलं. पुढचं मी काय सांगू? एकाने दाव्यासकट खुंटा उपटला, दुसऱ्याने गुरवाच्या ओट्यावर उडी घेतली, तबक उडालं, भंडाऱ्याने निम्मा गाव पिवळा झाला, आणि गल्लीतली सगळी कुत्री शेपूट घालून पसार. सरांच्या प्रयोगशाळेत माझा एक प्रयोग कधी नीट झाला नाही. हा मात्र इतका बिनचूक झाला की कुणाला शंकाच उरली नाही. आधी एक म्हातारा खुदकन हसला. मग जो हशा पिकला, तो अजून पिकतोय. आप्पा तेवढे हसले नाहीत. ते काकीपुढे गेले, टोपी काढली, म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं." काकी पदराने तोंड पुसून घरी गेली.

पण वाफसा कुणासाठी थांबत नाही. बैल त्या रानात पाय ठेवेनात, रान उद्यापर्यंत कोरडं होणार. आप्पांनी पाभरीला दोर बांधले, एक दादाच्या खांद्यावर टाकला, एक माझ्यापुढे धरला. "धर," एवढंच म्हणाले. मी धरला. आई न सांगता काकीच्या दारात गेली, आणि थोड्या वेळाने दोघी बांधावरून येताना दिसल्या. काकीने ओटीत बी घेतलं, चाड्यावर मूठ धरली आणि मागून बैलाला द्यावी तशी हाळी दिली, "चल, च्यक!" मी ओढायला लागले. खांदा सोलवटला, पायात कुसळं मोडली, वरून माझाच ऐवज नाकाशी घमघमत होता. काळविटांचा कळप पलीकडे उभा राहून बघत होता. कुणीतरी आपल्यासाठी पेरतंय, हे त्यांना आवडलं असावं.

तिसऱ्या तासाला वळताना मला रडू फुटलं. काकीने पाभर थांबवली.

"बैल शिंव्हाला भ्याले," ती हळू म्हणाली, माझ्यापुरतं. "त्यांचं काय चुकलं न्हाई. तू गं कुनाला भ्यालीस दोन दिस?"

उत्तराची वाट न बघता तिने मुठीत दाणे घेतले. "वढ आता. अंधार पडंस्तवर उरकाय पायजे."

कॉलेज बंद झालं नाही. आप्पा म्हणाले, "जा नगरला. हितं ऱ्हायलीस तर आनखी काय तरी आनशील." ज्वारी उगवली ती अर्धी सरळ आणि माझ्या अंगाची अर्धी नागमोडी. मग काळविटांनी ती सारखीच खाल्ली, त्यात भेदभाव केला नाही. त्या हंगामात मात्र काकीला लोकांनी हक्काने बोलावलं, आणि जिथे तिथे आधी माझी गोष्ट निघायची. मी सुट्टीत आले की पोरं "सिंहीण आली" म्हणून ओरडायची. पहिली काही वर्षं मी जळायची, बाजाराला तोंड लपवून जायची. मग एकदा नामदेवमामी अंगणात आपल्या नव्या सुनेला ही गोष्ट सांगत होत्या, शेळीसकट, भंडाऱ्यासकट, आणि मी दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकली. शेवटी सून म्हणाली, "म्हंजी चंद्राकाकीनं काय केलंच नव्हतं?" मामी म्हणाल्या, "छ्या! ती काय करती? त्या मंगीचे धंदे समदे." तेव्हापासून मी कुणाला थांबवत नाही. ही गोष्ट जितक्यांदा सांगतील तितक्यांदा त्यांना हे वाक्य म्हणावं लागतं. काकी आता नाही. पण त्या दिवशी वहिनीने फोन परत दादाकडे दिला तेव्हाही तो पोट धरून हसत होता; मी त्याला म्हटलं, "दादा, हस. पण पोरांना पुन्हा सगळं सांग, अगदी पहिल्यापासून." आणि तो सांगत असताना मी फोन कानाला लावून, शेवटचं वाक्य येईपर्यंत, थांबून राहिले.